मोवरच्या पत्र्याची भोकं नंतर बघा, आधी गिअरबॉक्सची बैठक बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुळशीत पौडच्या पुढे तुमची आंबा-चिकूची पाच एकर बाग आहे. ट्रॅक्टर 1998 सालचा, 35 एचपीचा, सिंगल क्लचचा. त्याच्या मागे थ्री पॉइंटला लावायचा पाच फुटी रोटरी मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, तोही पंधराएक वर्षांचा. वरच्या पत्र्याला मागच्या बाजूला तळहाताएवढी दोन भोकं पडलीत, गिअरबॉक्सच्या स्टँडपाशी तडा गेलाय, डाव्या बाजूची घसरपट्टी (जमिनीवर घासत जाणारी पट्टी) झिजून पात्यासारखी पातळ झालीय आणि पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजार फिरवणारा शाफ्ट) टाकला की सगळं मशीन थरथरतं. गावातला वेल्डर म्हणतो ठिगळं मारून अर्ध्या दिवसात देतो, तुमचे मेहुणे म्हणतात भंगारात घाला आणि नवा आणा.

मी हडपसरला गेली अठ्ठावीस वर्षं शेतीची अवजारं दुरुस्त करतोय. रोटाव्हेटर जास्त, मोवर कमी, पण मुळशी, भोर आणि पुरंदर या तिन्ही तालुक्यांतले मोवर माझ्या हाताखालून गेलेत. माझं मत: मशीन बहुतेक वाचेल, पण तुमच्या वेल्डरने सांगितलेल्या पद्धतीने नाही. आणि वाचवायचं की नाही, हे भोकांकडे बघून ठरवू नका. तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारींत भोकं सगळ्यात कमी महत्त्वाची आहेत. खरी काळजी त्या तड्याची आणि थरथरीची.

आधी तुमचा मोवर कशाने मरतोय ते समजून घ्या. पुरंदरच्या अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागांमधून येणारे मोवर दगडांनी मरतात. पत्रा चेपलेला, पाती तुटलेली, पण लोखंड आतून चांगलं असतं. तिथे ठोकून सरळ केलं आणि पाती बदलली की काम होतं. तुमच्याकडचा मोवर गंजाने मरतो. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, तुमच्या डोक्यावरच्या ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट. पावसाळ्यात कापलेलं ओलं गवत पत्र्याला आतून थापलं जातं, वाळून त्याचा जाड थर होतो, आणि तो थर पुढचे कित्येक आठवडे स्पंजासारखी ओल धरून ठेवतो. गंज आतून बाहेर येतो. वरून रंग शाबूत दिसतो तिथेही आत पापुद्रे सुटलेले असतात. म्हणून तळहाताएवढं भोक दिसलं की त्याच्या भोवती वीतभर पत्रा गेलेला आहे, असंच धरून चाला.

तपासणीची सुरुवात अशी करा. पीटीओ शाफ्ट काढा, ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात ठेवा, मोवर उचला आणि चारही कोपऱ्यांखाली लाकडाचे ओंडके किंवा स्टँड लावा. नुसत्या हायड्रॉलिकवर टांगलेल्या मोवरखाली हातसुद्धा घालू नका. जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट कधी बसेल याचा भरवसा नसतो. मग खुरप्याने किंवा जुन्या पट्टीने आतलं वाळलेलं गवत पूर्ण खरवडून काढा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गिअरबॉक्सच्या सीलपाशी धुऊ नका, पाणी आत जातं.

आता छोटा हातोडा घ्या आणि पत्र्यावर सगळीकडे वाजवत जा. चांगला पत्रा ठणठणतो, पोखरलेला पत्रा बद्द वाजतो आणि हातोड्याखाली दबतो. बद्द वाजेल तिथे खडूने खूण करा. तासाभरात तुमच्या पत्र्याचा नकाशा तयार होईल. सगळ्या खुणा मागच्या पट्ट्यात आणि कडांना असतील तर आनंद माना. खुणा गिअरबॉक्सच्या भोवती असतील तर पुढचं नीट वाचा.

गिअरबॉक्स ज्या जागेवर चार बोल्टांनी बसतो, ती बैठक म्हणजे या मशीनचा कणा. का, ते हिशेबाने सांगतो. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर चालतो. गिअरबॉक्समध्ये वेग साधारण दीडपट होतो असं धरलं, तरी पाती मिनिटाला 810 फेरे मारतात. पाच फुटी मोवरमध्ये पात्यांच्या टोकांचा घेर दीड मीटर व्यासाचा, म्हणजे टोक एका फेऱ्यात 4.7 मीटर धावतं. गुणाकार केला की ताशी सुमारे 230 किलोमीटर येतात. या वेगाने फिरणाऱ्या लोखंडाचा सगळा झटका त्या चार बोल्टांतून पत्र्यात उतरतो. बैठक सपाट आणि घट्ट असेल तर तो झटका सगळ्या पत्र्यात वाटला जातो. बैठक ढिली असेल तर गिअरबॉक्स थोडा थोडा हलतो, बोल्टांची भोकं लांबट होतात, थरथर वाढते आणि पत्र्याला तडा जातो. तुमचा तडा स्टँडपाशीच आहे, म्हणून मला हीच शंका आहे.

गिअरबॉक्स उतरवा. खाली जागा स्वच्छ करा आणि सरळ पट्टी उभी धरून उजेडाच्या विरुद्ध बाजूने बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर बैठक वाकडी आहे. बोल्टांची भोकं गोल आहेत की लांबट झालीत ते बघा. मग तीन मिलिमीटरचं भोक पाडून पत्र्याची जाडी मोजा. अशीच जाडी स्टँडच्या आडोशाला, जिथे गंज पोचलेला नाही, तिथे मोजा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे गंजाने खाल्लेलं लोखंड. बैठकीभोवती मूळ जाडीचा एक तृतीयांश भाग गेला असेल, तर मी त्या पत्र्यावर वेल्डिंग करत नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत तो कापून काढतो. ही माझी मर्यादा मी अनुभवातून ठरवलेली आहे, दुसऱ्या कारागिराची थोडी वेगळी असेल.

आता गिअरबॉक्सची पाळी, कारण सगळा निर्णय इथेच होतो. तळाचा प्लग उघडून थोडं ऑइल पांढऱ्या फडक्यावर घ्या. काळं असेल तर चालेल, जुनं झालंय इतकंच. दुधासारखं असेल तर पाणी गेलंय. बोटांत चोळल्यावर चमचम करणारी बारीक भुकटी लागली तर बेअरिंग किंवा गिअर झिजतायत. लोखंडाचे कण किंवा दाताचा तुकडाच आला तर गोष्ट गंभीर. मग पात्यांची थाळी दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आडवी हलवा. किंचित खेळ असला तर बेअरिंग बदलून भागेल. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. 6207 असेल तर आतला व्यास 35, बाहेरचा 72 आणि रुंदी 17 मिलिमीटर, कुठल्याही कंपनीचं घ्या, माप तेच. नाना पेठेत नंबर सांगितला की मिळतं. ऑइल सीलचंही तसंच, मापावर मिळतं. खालच्या सीलकडे मात्र बारकाईने बघा, कारण बागेतली सुतळी, ठिबकची फाटकी नळी, खताच्या गोणीचे धागे शाफ्टभोवती गुंडाळून सील कापतात. सील गेलं की ऑइल जातं, ऑइल गेलं की गिअर जळतात.

क्राउन-पिनियनची, म्हणजे गिअरबॉक्समधल्या मुख्य दोन गिअरची, जोडी मात्र बेअरिंगसारखी मापावर मिळत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या मोवरचे दात तुटले असतील आणि त्याच बनावटीची जोडी मिळत नसेल, तर पत्र्यावर एक रुपयाही घालू नका. लोक नेमकं उलटं करतात. आधी पत्रा जोडून रंगवून घेतात, मग महिन्याने गिअरबॉक्स निकामी होतो आणि रंगवलेलं मशीन भंगारात जातं.

गिअरबॉक्स चांगला निघाला असं समजू. वेल्डर सांगतोय त्या ठिगळात चूक काय? भोकावर वरून पत्रा ठेवून चार बाजूंनी टाके मारले, की जुन्या आणि नव्या पत्र्याच्या मधे फट राहते. त्या फटीत तुमच्या मुळशीचं पाणी शिरतं आणि वाळत नाही. दोन पावसाळ्यांत ठिगळाच्या भोवती नवीन भोकं पडतात. शिवाय आतल्या बाजूला कडा राहते आणि त्या कडेला गवत अडकतं. म्हणून पोखरलेला भाग गोलसर कोपऱ्यांचा कापून काढा, तेवढाच तुकडा नेमका बसवा, आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्डिंग करून आतून ग्राइंडरने सपाट करून घ्या. कोपरे चौकोनी ठेवू नका, तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो. गंजलेल्या पातळ पत्र्यावर वेल्डिंगची कांडी लावली तर तो जळून जाळी होतो, म्हणून चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायला कचरू नका. कापून काढलेला तुकडा मोठा दिसतो म्हणून घाबरू नका, लहान तुकड्याच्या मोहाने काम बिघडतं.

तड्याचं काम वेगळं. तडा जिथे संपतो असं दिसतं, त्याच्या किंचित पुढे पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळणार नाही. मग ग्राइंडरने त्याची खाच करा आणि ती भरून घ्या. पण तडा भरला तरी तो का गेला हे शोधलं नाही, तर वेल्डिंगच्या शेजारी नवा तडा हमखास येतो. कारण बहुधा दोनांपैकी एक असतं: ढिले बोल्ट, किंवा वजनात फरक असलेली पाती. तुम्ही थरथर सांगितलीत, त्यामुळे पाती काढून काट्यावर घाला. एक पातं दुसऱ्यापेक्षा हलकं निघालं तर जोडीच बदला, एक पातं कधीच बदलू नका. पात्यांच्या बोल्टची भोकंही बघा, लांबट झाली असतील तर बोल्ट आणि पाती दोन्ही नवे घ्या. पात्याला वेल्डिंग करून कोणी देतो म्हणालं तर सरळ नाही म्हणा. पातं पाणी दिलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ते टाक्याशेजारी ठिसूळ होतं आणि ताशी 230 किलोमीटरच्या वेगाने तुटून जातं.

बैठकीच्या वेल्डिंगबद्दल मी स्वतः केलेली चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. बारा-तेरा वर्षांपूर्वी भोरहून असाच एक मोवर आला होता. मी घाईत स्टँडभोवती एकसलग वेल्डिंग मारत गेलो. पत्रा तापून थंड होताना ओढला गेला आणि बैठकीला पोक आलं. दिसायला काम सुंदर झालं होतं. बोल्ट आवळल्यावर गिअरबॉक्स बैठकीला टेकला, पण बिडाच्या कवचावर ताण राहिला. दहा दिवसांत त्याचा एक कान तुटला. नवा गिअरबॉक्स मी माझ्या खर्चाने दिला, कारण चूक माझी होती. तेव्हापासून मी बैठकीजवळ बोटभर टाका, मग समोरच्या बाजूला बोटभर टाका, असं फिरत फिरत काम करतो. मधे थंड होऊ देतो, वर पाणी ओतत नाही. भोकं लांबट झाली असतील तर ती भरून परत पाडत नाही. आठ-दहा मिलिमीटर जाडीची नवी प्लेट घालतो आणि गिअरबॉक्सच साचा म्हणून ठेवून भोकांच्या खुणा घेतो. वेल्डिंगपूर्वी मोवर ट्रॅक्टरपासून सोडवून ठेवायचा. ट्रॅक्टरला जोडलेला असतानाच करायची वेळ आली तर बॅटरीची तार काढायची आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन ती खराब होतात.

घसरपट्टीचं काम सोपं आहे, जाड पट्टी वेल्डिंग करून टाका. पण मागचा साखळ्यांचा किंवा रबराचा पडदा तुटला असेल तर तो आधी लावा. सासवडच्या बाजूला एका बागेत मागच्या चार साखळ्या तुटलेल्या मोवरमधून गोट्याएवढा दगड उडाला आणि चाळीस पावलांवर उभ्या असलेल्या जीपची काच फुटली. तिथे माणूस नव्हता हे नशीब. मोवरचा पत्रा हा गवत झाकायला नसतो, उडणारा दगड आणि तुटलेलं पातं अडवायला असतो. म्हणूनच भोक पडलेला मोवर मी "चालतोय ना" म्हणून चालवू देत नाही, भोक किती लहान आहे ते न बघता.

आता तिसरा मार्ग, जो तुम्हाला ना वेल्डरने सांगितला ना मेहुण्यांनी. हातोड्याच्या तपासणीत अर्ध्याहून जास्त पत्रा बद्द निघाला, पण गिअरबॉक्स उत्तम असेल, तर जुन्या गिअरबॉक्सवर नवं धड बनवून घ्या. भोसरी एमआयडीसीत पत्रा कापून आणि वाकवून देणारे भरपूर आहेत, जुना मोवर नमुना म्हणून घेऊन जायचा. लोखंडाचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता: एक चौरस मीटर पत्र्याचं वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीला 7.85 किलो. वरचा पत्रा 1.6 बाय 1.3 मीटर आणि पाच मिलिमीटर जाड घेतला तर साधारण 82 किलो. बाजू, पट्ट्या आणि स्टँड मिळून आणखी त्याच्या निम्मं धरा. त्या दिवशीचा भवानी पेठेतला किलोचा भाव विचारा, त्यावर कापणी आणि वेल्डिंगची मजुरी चढवा, आणि हा आकडा नव्या मोवरच्या किमतीशेजारी लिहा. मात्र जास्तच जाड पत्रा घालण्याचा मोह टाळा. 35 एचपीच्या ट्रॅक्टरच्या मागे जास्त वजन आलं की तुमच्या उतारावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

नवा घ्यायचं ठरलं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून, जे 2014-15 पासून सुरू आहे, अवजारांना अनुदान मिळतं. अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या 50 टक्के, इतरांना 40 टक्के, तेही ठरवून दिलेल्या कमाल रकमेपर्यंत. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची. आधी घेतलं आणि मग अर्ज केला तर पैसे मिळत नाहीत. हे न कळल्यामुळे अनुदान गमावलेले शेतकरी मला दरवर्षी भेटतात आणि वाईट वाटतं. दुसरं, डिसेंबरमध्ये मोशीला किसान प्रदर्शन भरतं, तिथे जाऊन मोवर उलटा करून आतून बघा. गिअरबॉक्सखाली आडवे टेकू दिलेत का, मागे साखळ्या आहेत का, सुटे भाग पुण्यात कोण ठेवतं. रंगाकडे बघू नका.

पैशांचा माझा ठोकताळा असा की पत्रा, बेअरिंग, सील, पाती आणि मजुरी मिळून खर्च नव्याच्या निम्म्याच्या आत राहिला आणि गिअर शाबूत असले, तर दुरुस्ती. निम्म्याच्या वर गेला तर अनुदानाचा अर्ज. तुमच्या वर्णनावरून तुम्ही पहिल्या बाजूला आहात असं मला वाटतं. पण तो अंदाज आहे, हातोडा आणि ऑइल काय सांगतात त्यावर तो बदलेल.

ट्रॅक्टरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला तरी फिरती पाती पीटीओमधून ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला आणि चाकांना ढकलत राहतात. म्हणजे तुम्ही थांबायला बघता आणि ट्रॅक्टर पुढे जातो. बांधाजवळ किंवा उतारावर हे जिवावर बेततं. पीटीओ शाफ्टवर बसणारा ओव्हररनिंग कपलर लावला की पाती मोकळी फिरतात आणि ट्रॅक्टर जागेवर थांबतो. तुमच्याकडे तो नसेल तर पत्र्याच्या आधी तो घ्या. आणि शाफ्टच्या शिअर बोल्टच्या जागी कोणी हायटेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा, बोल्ट घातला आहे का तेही बघा. शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही तर दगड लागल्यावर गिअरचा दात तुटतो.

काम दिवाळीनंतर काढा, जूनच्या तोंडावर नको. पावसापूर्वी सगळ्यांनाच घाई असते आणि घाईतलं वेल्डिंग वाकडं होतं. काम झाल्यावर आतून गंज पूर्ण घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर एनॅमल द्या. काही जण आतून जळालेलं ऑइल फासतात, मला ते पटत नाही, ते बागेतल्या मातीत गळतं. वाळूमिश्रित गवत तो रंग एका हंगामात घासून काढेल, त्यामुळे दर वर्षी आतला रंग नव्याने द्यावा लागेल. पावसाळ्यात प्रत्येक वापरानंतर त्याच संध्याकाळी आतलं ओलं गवत खरवडा, आणि मोवर मातीवर न ठेवता दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवा.

या रविवारी फक्त दोन कामं करा: ऑइलचा प्लग उघडा आणि पाती काट्यावर घाला. हातोडा पुढच्या रविवारी. वेल्डरला तोपर्यंत थांबायला सांगा.